चौथी सीट आणि बबल सॉर्ट

मुंबईच्या उपनगरी लोकलमध्ये तिघांसाठी घडवलेल्या बाकावर चौघे बसतात, आणि या चौथ्या सीटचा हक्क कोणत्याही कायद्यात लिहिलेला नसला तरी तो नाकारण्याची छाती बोरिवलीपासून चर्चगेटपर्यंत किंवा मुलुंडपासून सीएसएमटीपर्यंत सहसा कोणाला होत नाही. ‘जरा सरकून घ्या’ हे शब्द कानावर पडताच बसलेल्या तिघांनी मोबाइलवरची नजर न हलवता आपापले अंग दोन-चार बोटे आत घ्यायचे आणि नवागताने उरलेल्या जागेवर एका मांडीपुरते टेकायचे, असा हा व्यवहार असून उपनगरी सभ्यतेचा बराचसा डोलारा त्यावर उभा आहे. अशा समाजात जन्मलेल्या, वाढलेल्या आणि पास काढून प्रवास करणाऱ्या काही माणसांवर ‘जागा नाही’ असे सांगण्याचे काम येऊन पडले, म्हणजे जी परिस्थिती उद्भवते तिचा विचार येथे करावयाचा आहे. ही माणसे म्हणजे प्रोग्रॅमरांनी प्रोग्रॅमरांसाठी लिहून पाठवलेल्या लेखांचे परीक्षक होत.

परीक्षकाचे काम सांगण्यास सोपे आहे. एखाद्या प्रोग्रॅमरने आपल्याला उमगलेली एखादी युक्ती किंवा अल्गोरिदम, म्हणजे प्रश्नापासून उत्तरापर्यंत नेणाऱ्या पायऱ्यांची निश्चित मांडणी, इतरांसाठी लिहून पाठवायची. तो मजकूर रांगेत उभा राहतो, आणि या अवस्थेला ‘पेंडिंग’ असे म्हणतात. मग परीक्षकाने तो वाचून, त्यातील प्रोग्रॅम स्वतः चालवून, लेख स्वीकारावा, दुरुस्तीसाठी परत पाठवावा किंवा नाकारावा. या कामाला बहुधा पगार नसतो. परीक्षक दिवसा कोठेतरी नोकरी करतो, रांगेतील लेख रात्री जेवणानंतर किंवा सकाळी गाडीत उभ्याने पाहतो, आणि एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने नकाराचे बटण दाबत असताना शेजारच्याच्या कोपराच्या धक्क्याने ‘स्वीकार’ दाबला जाण्याची शक्यता कोणत्याही नियमावलीने विचारात घेतलेली नाही. अंधेरी स्थानकाच्या आसपास काही अत्यंत सामान्य लेख कसे प्रसिद्ध झाले असावेत, याचा खुलासा या एका बाबीने होऊ शकतो.

मराठी वाङ्मयाला नकार नवा नाही. ‘साभार परत’ या दोन शब्दांनी महाराष्ट्रातील अनेक कवींना वेळीच बँकेत नोकरीला लावले. हस्तलिखितासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले आणि तिकीट डकवलेले पाकीट जोडण्याची अट असे, म्हणजे नकाराचा टपालखर्च लेखकाने आगाऊ भरावा अशी ती व्यवस्था होती, आणि वरकरणी क्रूर वाटणारी ही अट खरे पाहता संपादकाचा पहिला आणि सर्वांत कार्यक्षम साहाय्यक होती, कारण तिकिटाचे पैसे मोजताना लेखकाच्या मनात आपल्या कथेविषयी जी शंका येते ती फुकटात कधीही येत नाही. ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत लेखकांकडून पुनर्लेखन करून घेत, याचा उल्लेख मराठी लेखकांनी कधी अभिमानाने तर कधी चिडून केला आहे. नव्या लेखकांची त्या मासिकावरील नाराजी १९६९ साली इतकी वाढली की लघुअनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी गिरगावात त्याच्या अंकाची होळी केली. आजच्या परीक्षकाला हा मान मिळणे अशक्य आहे. त्याच्याविरुद्ध जाळण्याजोगे काहीच छापील उपलब्ध नसल्याने लेखक त्याला फार तर एक तारा देतो, आणि तोही पाचपैकी.

संपादकाच्या हस्तक्षेपाने लेखाचे भले झाल्याची उदाहरणेही आहेत, पण ती लेखकांना आठवत नाहीत. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी ‘गो टू’ या आज्ञेविरुद्ध, म्हणजे चालू प्रोग्रॅमला मधूनच उचलून भलत्याच ओळीवर नेऊन सोडणाऱ्या आज्ञेविरुद्ध, जो मजकूर पाठवला तो ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात मार्च १९६८ मध्ये छापला गेला. परंतु लवकर छापता यावा म्हणून लेखाचे वाचकपत्र करण्याचा निर्णय, आणि ‘गो टू’ हानिकारक ठरवणारा तो जगप्रसिद्ध मथळा, ही दोन्ही कामे संपादक निक्लाउस वर्थ यांची होती. डाइक्स्ट्रांनी दिलेले मूळ शीर्षक पुष्कळच सौम्य होते. वर्थ यांच्या या एका कृतीचा दंड मात्र पुढच्या सर्व परीक्षकांनी भरला, कारण अमुक हानिकारक आणि तमुक हानिकारक अशा मथळ्यांचे लेख तेव्हापासून आजतागायत रांगेत येत आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांत हानिकारक नेमके काय आहे ते शेवटच्या ओळीपर्यंत उघड होत नाही.

उपनगरांतील या व्यवसायाची सर्वांत ठळक खूण अंधेरी पूर्वेस, जुन्या नागरदास मार्गावर, अंधेरी सबवेला लागून सापडते. हा तोच सबवे, जो पावसाळ्यात पाणी भरून बंद पडल्याची बातमी दरवर्षी न चुकता छापली जाते. तेथे कार्यालय असलेल्या डायरेक्टी या कंपनीने २००९ साली ‘कोडशेफ’ हा प्रोग्रॅमिंग स्पर्धांचा उपक्रम सुरू केला, जो २०२० मध्ये अनअकॅडमी या कंपनीकडे गेला. या उपक्रमाची सगळी परिभाषा स्वयंपाकघरातली होती: स्पर्धांची नावे ‘कुक-ऑफ’ आणि ‘लंचटाइम’, जवळजवळ प्रत्येक उदाहरणाचा नायक ‘शेफ’ नावाचा एक गृहस्थ, ज्याला स्वयंपाक सोडून जगातले सर्व गणिती प्रश्न पडत, आणि कामगिरीबद्दल मिळणाऱ्या बक्षीस-गुणांचे अधिकृत नाव ‘लाडू’. दूरदेशीच्या तरुणांनी लाडूंच्या आशेने रात्री जागवाव्यात, ही अंधेरीने संगणकशास्त्राला दिलेली देणगी असून तिची नोंद शास्त्राच्या इतिहासात व्हावयास हवी.

मात्र या स्पर्धांनी परीक्षणाची जी विभागणी रूढ केली ती विनोदाचा विषय नाही. प्रश्न तयार करणारा एक, त्याला ‘सेटर’ म्हणतात. तो प्रश्न निर्दोष आहे ना, चाचण्या पुरेशा आहेत ना, हे स्वतः सोडवून पाहणारा दुसरा, तो ‘टेस्टर’. आणि स्पर्धा संपल्यावर उत्तराचे स्पष्टीकरण लिहिणारा तिसरा, तो ‘एडिटोरियलिस्ट’. त्याच्या लेखाचा साचाही ठरलेला असे: आधी वाचकाला काय येत असले पाहिजे, मग प्रश्न थोडक्यात, मग घाईतल्या वाचकासाठी लहान खुलासा, मग सविस्तर खुलासा, आणि अखेरीस सेटर व टेस्टर यांचे प्रोग्रॅम. डोक्यावर काठिण्याची पाटी असे. तिच्या सर्वांत खालच्या पायरीचे नाव ‘केकवॉक’ असे होते, आणि ज्या प्रश्नावर आपण उभी रात्र घालवली त्याच्यावर सकाळी ‘केकवॉक’ ही पाटी वाचणाऱ्या घाटकोपरच्या विद्यार्थ्याच्या भावनांची दखल कोणत्याही साच्यात घेतलेली नव्हती.

या व्यवस्थेत एक मानसशास्त्रीय चमत्कार दडलेला आहे, आणि परीक्षकांच्या बहुतेक दुःखांचा उगम त्यातच आहे. स्पर्धक आपला प्रोग्रॅम पाठवतो, यंत्र तो चालवून पाहते आणि ‘राँग आन्सर’ असा निकाल देते. कोठे चुकले ते यंत्र सांगत नाही, कोणत्या चाचणीत चुकले ते दाखवत नाही, दिलगिरी तर मुळीच व्यक्त करत नाही. स्पर्धक पुन्हा पाठवतो आणि पुन्हा तोच निकाल येतो, किंवा उत्तर वेळेत मिळाले नाही अशा अर्थाचा ‘टाइम लिमिट एक्सीडेड’ हा निकाल येतो, जो चाकरमान्याला लेट मार्काच्या रूपाने परिचित असतो. असे निकाल रात्रभर पचवूनही हा तरुण यंत्र कोणत्या कॉलेजचे, याची चौकशी करीत नाही. मान खाली घालून स्वतःच्याच लूपमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधील पुन:पुन्हा चालणाऱ्या ओळींमध्ये, खोट शोधत बसतो. पुढे तोच तरुण त्या प्रश्नाचे स्पष्टीकरण लिहून पाठवतो, परीक्षक ‘दुसऱ्या आणि तिसऱ्या परिच्छेदांमध्ये एक पायरी सुटली आहे, कृपया भरावी’ एवढेच नम्रपणे कळवतो, आणि उत्तरादाखल लांबलचक निवेदन येते, ज्यात परीक्षकाचे शिक्षण काय, त्याचे स्पर्धेतील रेटिंग किती, आणि हा अधिकार त्याला मुळात दिला कोणी, हे प्रश्न क्रमवार मांडलेले असतात. विशेष म्हणजे या निवेदनात एकही पायरी सुटलेली नसते.

निष्कर्ष असा की नकाराचा अपमान वाटण्यासाठी नकार देणारा माणूस असावा लागतो. यंत्राला उशीर झालेला चालत नाही हे मान्य करणारा समाज माणसाने मात्र सरकून घ्यावे अशी अपेक्षा धरतो, आणि प्रोग्रॅम चालतो की नाही हे यंत्राला कळत असले तरी तो समजावून सांगणारा लेख कोणाला समजेल की नाही, हे अद्याप माणसालाच पाहावे लागते, त्यामुळे चौथ्या सीटचा प्रश्न नेमका त्याच्याच वाट्याला येतो.

परीक्षकांची दुसरी व्यथा नकलेची, आणि तिचे मूळ जाणण्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालयांतील ‘सबमिशन’ या संस्थेचा परिचय आवश्यक आहे. सत्राच्या अखेरीस प्रयोगांची वही, म्हणजे ‘जर्नल’, पूर्ण करून तिच्यावर प्राध्यापकांची सही मिळवण्याची ही प्रथा विलेपार्ल्यात, विद्याविहारला, कांदिवलीत आणि बोरिवलीत सारख्याच निष्ठेने पाळली जाते. जर्नल लिहिले जात नाही. ते ‘छापले’ जाते. वर्गातील एखादी नीटनेटक्या अक्षराची विद्यार्थिनी मूळ प्रत सिद्ध करते, तिच्यावरून पहिल्या बाकावरच्या दोघांच्या प्रती होतात, त्यांच्यावरून मधल्या बाकांच्या, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोहोचताना सहाव्या प्रयोगाचा निष्कर्ष सातव्याला चिकटलेला असतो. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत समान चुकांवरून प्रतींचे कूळ ठरवतात; त्याच पद्धतीने एखाद्या जर्नलाचा मूळ पुरुष शोधता येईल, परंतु सही करणाऱ्या प्राध्यापकांना त्या दिवशी आणखी साठ वह्या पाहावयाच्या असल्याने हे संशोधन मागे पडते. चार वर्षे या परंपरेत घडलेला पदवीधर लेख लिहावयास बसला की तो छापतो, आणि नकलेचा आरोप झाल्यावर त्याला जे आश्चर्य वाटते ते अगदी खरे असते, कारण या कृतीसाठी त्याला आजवर गुण मिळत आले होते.

जर्नलांतून लेखांत उतरलेला आणखी एक वारसा म्हणजे बोर्लँड कंपनीची टर्बो सी ही निळ्या पडद्याची प्रणाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस जगाने तिचा निरोप घेतला, तरी महाराष्ट्रातील अनेक प्रयोगशाळांत तिला पुढे कित्येक वर्षे आश्रय मिळाला. तिच्या सहवासात शिकलेला लेखक त्याच्या लेखातील प्रोग्रॅमवरून तत्काळ ओळखू येतो: आरंभी ‘व्हॉइड मेन’, जे सी प्लस प्लस भाषेच्या १९९८ च्या प्रमाण नियमांत बसत नाही, मग ‘सीएलआरएससीआर’, म्हणजे आधीचा पडदा पुसण्याची आज्ञा, जी आजच्या बहुतेक कंपायलरांना, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनांना, ठाऊकच नाही, आणि शेवटी ‘गेटच’, म्हणजे कोणीतरी कळ दाबेपर्यंत पडदा धरून ठेवण्याची आज्ञा. परीक्षकाने हा प्रोग्रॅम चालत नसल्याचे कळवले तर ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे उत्तर येते. या विधानात असत्य काहीही नसते, आणि म्हणूनच त्याचे खंडन करता येत नाही. सर्व वाचकांनी त्या मशीनपाशी जाऊन लेख वाचावा, एवढाच उपाय शिल्लक राहतो.

नक्कल पकडण्याची यंत्रेही आहेत. संगणकशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स आयकेन यांनी १९९४ साली विकसित केलेली ‘मॉस’ ही प्रणाली दोन प्रोग्रॅमांची शब्दशः तुलना करीत बसत नाही; ती प्रोग्रॅमांच्या रचनेतून लहान लहान ठसे घेते आणि ते ठसे जुळतात का पाहते, त्यामुळे मूळ प्रोग्रॅममधल्या चलांची, म्हणजे किमती साठवणाऱ्या नावांची, नावे बदलून काही साधत नाही. हे माहीत नसलेला नक्कलकार ‘आय’ आणि ‘जे’ यांच्या जागी आपल्या भाचरांची नावे घालतो, मूळ टिपणे पुसतो, दोन रिकाम्या ओळी वाढवतो, आणि पकडला गेल्यावर दोन प्रतिभावंतांना एकच विचार एकाच वेळी सुचल्याची ग्वाही देतो. दोघांचे शुद्धलेखनही एकाच जागी चुकलेले असते, याला तो योगायोग म्हणतो.

याहून गहन प्रश्न अशा लेखांचा आहे ज्यांत नक्कल नाही, चूक नाही, उद्धटपणा नाही आणि गरजही नाही. ‘बबल सॉर्ट’ ही संख्या क्रमाने लावण्याची रीत, जिच्यात शेजारच्या दोन संख्या ताडून चुकीच्या क्रमाच्या जोड्यांची अदलाबदल पुन:पुन्हा करीत जातात, संगणकशास्त्रातील सर्वांत संथ आणि सर्वांत लोकप्रिय रीतींपैकी एक आहे. तिच्याजवळ आकर्षक नावाखेरीज फारसे काही नाही, अशा आशयाचा अभिप्राय संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७३ मध्येच देऊन ठेवला आहे. तरीही तिच्यावर लेख येतात. ते जूनमध्ये तुरळक येतात, आणि महाविद्यालयांत कंपन्या नोकरभरतीसाठी येण्याचा, म्हणजे ‘प्लेसमेंट’चा, हंगाम जवळ येताच त्यांचा पूर लोटतो, कारण बायोडेटामध्ये ‘तांत्रिक लेखन’ या शीर्षकाखाली एक तरी दुवा असावा असे एखाद्या वरिष्ठ विद्यार्थ्याने सांगितलेले असते. या विषयावर पुरेसे लेख आहेत, असे परीक्षकाने कळवले की उपनगरी संस्कृतीचा मूळ स्वर उमटतो: ‘सर, एवढे आहेत तर अजून एक राहू द्या ना.’ ही विनंती करणाऱ्याची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. रोज सकाळी त्याच्यासाठी तीन अनोळखी माणसे सरकतात. आणि येथे, जेथे जागा कागदाची नाही, बाकाची नाही, जेथे कोणाची मांडीही अवघडणार नाही, तेथे एक शिकलेला माणूस सरकायला तयार नाही, हे त्याला माणुसकीला सोडून वाटते.

परीक्षकाजवळ याचे उत्तर आहे, पण ते पटवून देणे अवघड आहे. जागा लेखाची संपत नाही, वाचकाच्या वेळेची संपते. एकच रीत सांगणारे पन्नास लेख शोधात पुढे आले, तर त्यांतला चांगला कोणता हे ठरवण्याचे ओझे त्या नवशिक्यावर पडते ज्याला ते ठरवता आले असते तर त्याने शोधच घेतला नसता. पण उभ्या प्रवाशाला बसलेल्या प्रवाशाचे युक्तिवाद कधीच पटत नाहीत.

बक्षीस ठेवल्यावर हा पूर किती चढतो, याचा जागतिक प्रयोग २०२० साली झाला. डिजिटल ओशन ही अमेरिकी कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवत असे, आणि खुल्या स्रोताच्या प्रकल्पांना, म्हणजे ज्यांचा प्रोग्रॅम कोणालाही वाचता व सुधारता येतो अशा प्रकल्पांना, सुधारणा सुचवणाऱ्यास टी-शर्ट देत असे. त्या वर्षी टी-शर्ट चार सुधारणा सुचवणाऱ्या पहिल्या सत्तर हजारांना मिळणार होता. परिणामी जगभरच्या प्रकल्पचालकांकडे सुधारणांचा पाऊस पडला, ज्यांत प्रकल्पाच्या माहितीपत्रकात ‘हा एक अद्भुत प्रकल्प आहे’ अशा धर्तीची ओळ घालणे, किंवा एखादे चांगले वाक्य मोडून वाईट करणे, यांसारख्या सुधारणा होत्या. आणि कशी सुधारणा करावी हे शिकवणारी एक भारतीय चित्रफीत त्यामागे असल्याचे निष्पन्न झाल्यावर आपल्या देशातील अनेक सज्जन प्रोग्रॅमरांना काही दिवस परदेशी सहकाऱ्यांसमोर मान खाली घालावी लागली. आयोजकांनी महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात नियम बदलला आणि ज्या प्रकल्पाची संमती असेल तेथेच सुधारणा धरली जाईल असे ठरवले. एका सुती टी-शर्टाची किंमत आणि त्याने खर्ची घातलेले परीक्षकांचे तास यांचा हिशेब कोणी मांडल्याचे आढळत नाही.

आता पवईकडे वळावयास हरकत नाही, कारण अंधेरीपासून जवळच, तलावाकाठी, लेख वाचकाला समजेल की नाही या प्रश्नावरचा सर्वांत सुज्ञ तोडगा निघालेला आहे. आयआयटी मुंबईतील प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली केंद्र सरकारच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सायलॅब, लिनक्स, सी, जावा, पायथन अशा मुक्त साधनांवर सुमारे दहा-दहा मिनिटांचे ध्वनिचित्रपाठ तयार होतात आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे निवेदन होते. पाठाची संहिता दोन रकान्यांत लिहितात: एकात पडद्यावर काय दिसेल ते आणि दुसऱ्यात निवेदक काय बोलेल ते. ही संहिता विषयातील जाणकार तपासतो, हे ओघानेच आले. पण त्याखेरीज तिची ‘नोव्हिस चेक’ नावाची एक तपासणी होते, ज्यात त्या विषयाचे ज्ञान नसलेली व्यक्ती संहिता समोर ठेवून, एकेक पायरी करीत, शेवटपर्यंत पोहोचता येते का ते पाहते. अडाणीपणाला अधिकृत पात्रता म्हणून मान्यता देणारी दुसरी विद्वत्संस्था शोधूनही सापडणार नाही. जाणकार परीक्षक सुटलेली पायरी नकळत स्वतःच्या डोक्यात भरून घेतो आणि पुढे जातो. नवशिका तिथेच अडून बसतो, आणि त्याच्याशी वादही घालता येत नाही, कारण ‘समजले नाही’ या विधानापुढे रेटिंग, पदवी आणि कॉलेज तिन्ही निरुपयोगी असतात. परीक्षणशास्त्रात गेल्या काही दशकांत यापेक्षा मोलाची भर क्वचितच पडली असेल.

त्याच संस्थेच्या ‘फॉसी’ प्रकल्पातील ‘टेक्स्टबुक कम्पॅनियन’ हा उपक्रमही उल्लेखनीय आहे. प्रमाण पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी सायलॅबसारख्या साधनात प्रोग्रॅमरूपाने लिहून द्यावीत, परीक्षकाने त्यांचे उत्तर पुस्तकातील उत्तराशी ताडून पाहावे, आणि मान्य झाल्यास मानधन मिळावे, अशी त्याची योजना आहे. हे काम करता करता पुस्तकातील उत्तरच चुकलेले असल्याच्या नोंदी प्रोग्रॅमांच्या टिपणांत जागोजागी करण्याची वेळ आली. परदेशी ग्रंथकारांची उत्तरे तपासून त्यांवर शांतपणे शेरा मारणारा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, हे दृश्य जर्नल छापण्याच्या परंपरेने पाहिले असते तर तिला घेरी आली असती.

नवशिक्या लेखकाची सोय करण्यात मराठी विकिपीडियाही, ज्याची सुरुवात १ मे २००३ रोजी म्हणजे महाराष्ट्रदिनी झाली, पुष्कळ पुढे आहे. तेथे ‘धूळपाटी’ नावाची एक जागा आहे, जिच्यावर कोणीही काहीही खरडून, पुसून, पुन्हा खरडून सराव करावा आणि मगच ज्ञानकोशाच्या पानाला हात लावावा. प्रोग्रॅमरांच्या लेखनात ही सोय रुजलेली नाही. त्यांचा सराव थेट परीक्षकावर होतो.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी अवतरले आणि परीक्षणाचा व्यवसाय मुळापासून हादरला. तोपर्यंत वाईट लेख वाईट दिसत असे, ही परीक्षकाची केवढी मोठी सोय होती ते ती गेल्यावर कळले. नवे लेख शुद्ध, सुबक, आत्मविश्वासाने ओतप्रोत असून त्यांत मधूनच एखाद्या अशा फंक्शनचा, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या तयार आज्ञेचा, वापर केलेला असतो, जे त्या भाषेत असायला हवे होते पण कधीच नव्हते. प्रश्नोत्तरांसाठी २००८ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या स्टॅक ओव्हरफ्लोने २०२२ च्याच डिसेंबरात अशा यंत्ररचित उत्तरांवर तातडीची बंदी घातली. पुढे निव्वळ संशयावरून मजकूर काढू नये असे व्यवस्थापनाने बजावल्यावर तेथील अनेक परीक्षकांनी जून २०२३ मध्ये चक्क संप पुकारला. मुंबईला संप नवीन नाहीत, १९८२ च्या गिरणी संपाची जखम तर अजून भरलेली नाही, परंतु ज्यांना पगारच नाही त्यांनी संप केल्यावर मालकाने काय कापायचे, हा कामगार कायद्यातील पेच गिरणगावालाही कधी पडला नव्हता.

या सर्व प्रकारात परीक्षकांचा पक्ष बहुतांशी न्याय्य आहे, पण निर्दोष नाही. कारण न देता नाकारणे, नियमावलीचा एखादा क्रमांक तोंडावर फेकून मोकळे होणे, आणि स्वतःचा पहिला लेख किती जणांनी सरकून घेतल्यामुळे छापला गेला होता हे विसरणे, ही पापे त्यांच्याकडून सर्रास घडतात. मुलुंडच्या एखाद्या तेवीस वर्षांच्या परीक्षकाला पंचेचाळीस वर्षांचा प्रोजेक्ट मॅनेजर ‘सर’ म्हणू लागला की पद डोक्यात जाण्यास फार दिवस लागत नाहीत. परीक्षक स्त्री असली तर तिलाही ‘सर’च म्हटले जाते, आणि ‘मॅडम’ अशी दुरुस्ती सुचवली तर ती मात्र लेखक विनातक्रार, तत्काळ आणि अनेकदा क्षमा मागून स्वीकारतो. लेखातील दुरुस्त्यांच्या बाबतीत ही तत्परता का दिसत नाही, हे शोधण्याजोगे आहे.

तेव्हा परीक्षकांना विनंती एवढीच की लेख परत करताना कारण दोन ओळींत, माणसाला माणसाने लिहावे तसे लिहावे. लेखकांनी लेख पाठवण्यापूर्वी तो घरातील, त्या विषयातले काहीही न येणाऱ्या एखाद्या व्यक्तीसमोर ठेवावा, ती जेथे अडेल तेथे पायरी भरावी, आणि प्रोग्रॅम दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर एकदा चालवून पाहावा. विषय बबल सॉर्ट असल्यास लेख वहीत लिहून ठेवावा. आणि पहिल्या ओळीत ‘व्हॉइड मेन’ असेल, तर दुसरी ओळ लिहिण्यापूर्वी नवा कंपायलर उतरवून घ्यावा. तो फुकट मिळतो.